मंद्र सुरांची जबाबदारी : हैदराबादच्या चर्चमधील बेस गिटार

हैदराबाद-सिकंदराबाद या जुळ्या शहरांत रविवारी सकाळी किती भाषांत प्रार्थना होते, हे तिथे काही काळ राहिलेल्यालाच उमगते. तेलुगू तर आहेच, पण इंग्रजी, तमिळ, मल्याळम आणि हिंदीतही उपासना चालते. १८०६ साली वसलेली सिकंदराबादची छावणी, रेल्वेमुळे आलेले अँग्लो-इंडियन, तेलंगणातील गावोगावचे मिशनकार्य आणि अलीकडचे संगणक-उद्योग या सर्वांनी आपापली गाणी या शहरात आणली. शिक्षण वा नोकरीसाठी तिकडे गेलेले गोव्यातील तरुणही या गर्दीत आहेत. त्यांच्यापैकी ज्याच्या खांद्यावर गिटार असते, त्याला चर्चमधील वाद्यवृंदात लवकर प्रवेश मिळतो. आणि बहुधा त्याला सांगितले जाते की गिटारवाले पुष्कळ आहेत, बेस वाजवशील का?

हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. बेस गिटार म्हणजे दोन तारा कमी असलेली गिटार, असा समज आपल्याकडेही आहे. वास्तविक तिच्या चार तारा साध्या गिटारच्या खालच्या चार तारांच्याच नावाच्या असल्या, तरी एक सप्तक खाली लावलेल्या असतात. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते. तिच्या स्वरलहरीची लांबी आठ मीटरांहून अधिक भरते, म्हणजे एखाद्या छोट्या चॅपेलच्या रुंदीइतकी. १९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडर यांनी ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणली, तेव्हा त्या नावातच तिचे प्रयोजन होते. उभ्या, प्रचंड डबल बेसवर स्वराची जागा बोटाने शोधावी लागे, इथे मानेवरच्या पडद्यांनी ती अचूक ठरवून दिली. वाद्य खांद्यावर घेऊन फिरता येऊ लागले आणि पुढे ते चर्चमध्येही शिरले.

चर्चला मात्र मंद्र सुराची गरज त्याआधी कित्येक शतके होती. पाइप ऑर्गनवर पायाने वाजवायची जी पट्टी असते, ती याच कामासाठी. सोळा फुटी नळीतून निघणारा स्वर गाणाऱ्या समुदायाच्या पायाखाली जमिनीसारखा पसरतो. गोव्यात ऑर्गन सर्वत्र नव्हते, पण उपवासकाळातील मोतेतांना व्हायोलिन आणि क्लॅरिनेटच्या जोडीने मोठे तंतुवाद्य खालचा स्वर धरत असे. जुन्या मेस्तांच्या घराण्यांत ही स्मृती अजून आहे. कॅथलिक चर्चने १९०३ साली पोप दहावे पायस यांच्या आदेशाने पियानो, ढोल, झांजा अशी वाद्ये वर्ज्य केली होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या उपासनाविषयक दस्तऐवजाने १९६३ साली ऑर्गनचा मान कायम ठेवून, उपासनेला साजेशा अन्य वाद्यांना स्थानिक धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने वाट मोकळी केली. लोकभाषेतील मिस्सा आणि गिटार आपल्याकडे त्यानंतरच रुळली. प्रोटेस्टंट मंडळ्यांचे नियम वेगळे, पण तिथेही विजेवर चालणाऱ्या वाद्यांनी प्रवेश केला तो याच दशकांच्या आगेमागे.

हैदराबादची खरी गंमत आणि खरी कसोटी पुढे आहे. तेलुगू चर्चसंगीतात दोन जुने प्रवाह एकत्र वाहतात. एक, इंग्रजी स्तोत्रांची भाषांतरे : चार आवाजांची, सोल्फा पद्धतीने शिकवलेली, जिथे बेस आवाजाची ओळ आधीच लिहिलेली असते. गोव्याच्या पॅरिश शाळांच्या परंपरेत वाढलेला वादक इथे लगेच रमतो. त्याने ती ओळ वाचावी आणि वाजवावी. दुसरा प्रवाह कीर्तनांचा. एकोणिसाव्या शतकात पुरुषोत्तम चौधरी आणि त्यांच्यासारख्या रचनाकारांनी कर्नाटक रागांत ख्रिस्ती पदे बांधली. ‘आंध्र क्रैस्तव कीर्तनलु’ या संग्रहात पदाच्या माथ्यावर रागाचे आणि तालाचे नाव छापलेले आढळते. स्वरलेखनाची पाच रेषांची कागदपट्टी शोधणाऱ्या आपल्या वादकाला तिथे हाती येते ते ‘मोहन, आदि’ एवढेच. बाकीचे कानाने.

मोहन म्हणजे आपल्याला परिचित असलेला भूप. सा, रे, ग, प, ध. मध्यम आणि निषाद यांना इथे जागा नाही. आता पाश्चात्त्य वळणाचा की-बोर्डवादक बसला की त्याची बोटे सवयीने तीन संघातांकडे जातात : षड्जाचा, मध्यमाचा आणि पंचमाचा. मध्यमाच्या संघातात रागाबाहेरचा मध्यम आला, पंचमाच्या संघातात निषाद आला. हे दोन्ही स्वर वरच्या पट्टीत हलकेच लागले तर कान एक वेळ दुर्लक्ष करतो. पण बेस गिटारने तोच मध्यम तळाशी ठणकावून धरला, की गाणाऱ्या वृद्ध बाईंच्या गळ्यातला भूप क्षणात दुसरेच काही होऊन जातो. स्वर तेच, पाया बदलला. बेसवादकाच्या हाती केवढी सत्ता असते, हे याहून स्पष्ट दाखवणारे उदाहरण नसेल. अशा पदाला षड्ज आणि पंचम पुरतात, ओळीच्या वळणावर धैवत घ्यावा. धैवत, षड्ज आणि गंधार हे तिन्ही रागातलेच असल्याने तो संघात बाहेरचा वाटत नाही आणि गाण्याला हवी ती किंचित करुण छटा देऊन जातो.

मायामालवगौळ, म्हणजे आपला भैरवाचा स्वरसमूह, याहून कठीण. तिथे ऋषभ आणि धैवत कोमल. पंचमावर नेहमीचा संघात रचू गेल्यास कोमल ऋषभ मध्ये येतो आणि ओळख असलेला ठाम पंचम-संघात तयारच होत नाही. शिकाऊ वादक इथे गोंधळतो, मग सगळेच शुद्ध स्वरांकडे ओढतो. त्याऐवजी षड्ज सोडूच नये, आणि सोडलाच तर लगतच्या कोमल ऋषभावर जाऊन परत यावे. एका पडद्याचे अंतर आहे, पण त्यात रागाचा सारा भार सामावतो. तंबोऱ्याचा अभ्यास ज्याने केला आहे त्याला हे सांगावे लागत नाही. पाश्चात्त्य शिक्षण घेतलेल्याला मात्र ‘काहीच न वाजवता’ चार आवर्तने एका स्वरावर राहणे ही शिक्षा वाटते. माझ्या मते चर्चमधील बेसवादनाचा अर्धा अभ्यासक्रम हाच आहे.

उरलेला अर्धा पट्टीचा आहे. गायिकेचा गळा बसला असेल तर गाणे ऐनवेळी काळी एकवरून पांढरी एकवर येते. की-बोर्डला त्यासाठी बटण असते, बेसला नसते. मोकळ्या तारांच्या भरवशावर शिकलेला वादक तिथे अडतो. म्हणून सुरुवातीपासून प्रत्येक चाल मोकळ्या तारेविना, बोटांच्या एकाच ठेवणीत बसवावी. षड्जाची जागा बदलली की सारी ठेवण तेवढीच सरकते. स्वरांना सा, म, प अशा नात्यांनी ओळखणाऱ्या आपल्या पद्धतीचा इथे मोठा उपयोग होतो. बोटांना पीळ पडायचे दिवस साधारण पहिल्या दोन-तीन महिन्यांत सरतात, पट्टी बदलण्याची भीती जायला त्याहून बराच अधिक काळ लागतो.

समुदाय गातो तेव्हा लय कुणाच्या हाती असते? ढोलवाल्याला वाटते आपल्या. हैदराबादहून सुमारे शंभर किलोमीटरवरील मेदकचे कॅथेड्रल या बाबतीत चांगला धडा देते. २५ डिसेंबर १९२४ रोजी अर्पण झालेली ही वास्तू सुमारे २०० फूट लांब आणि १०० फूट रुंद आहे. ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे वेदीजवळचा ठोका मागच्या भिंतीपर्यंत पोचायला सेकंदाचा पाचवा-सहावा हिस्सा लागतो. मागचे लोक तो ऐकून गातात आणि त्यांचा आवाज पुढे यायला पुन्हा तेवढाच वेळ. त्या उशिरा आलेल्या गाण्याच्या नादी वादक लागला तर प्रत्येक कडव्यागणिक लय जड होत जाते, त्याने दुर्लक्ष करून धाव घेतली तर समुदाय मागे राहतो. शिवाय दगडी दालनात मंद्र स्वर रेंगाळतो. सलग आठ आघात वाजवले तर ऐकणाऱ्याला एकच गडगडाट मिळतो. अशा जागी समेवर एक स्वर द्यावा, तो हाताने वेळीच दाबावा आणि पुढच्या समेची वाट पाहावी. गायकांना श्वास घ्यायला जागा लागते, ती या दाबलेल्या शांततेतूनच मिळते.

शहरातील लहान मंडळ्यांत अडचण उलटी असते. भाड्याचे सभागृह, छताला पंखे, भिंतीवर उभे अरुंद ध्वनिक्षेपक. ते ४१ कंपनांचा स्वर पुरेसा उमटवूच शकत नाहीत. कानाला पोचतात ते त्याच्या दुपटी-तिपटीचे उपस्वर आणि मूळ स्वर मेंदू स्वतः भरून काढतो. आवाज वाढवून उपयोग नसतो, घरघर तेवढी वाढते. तिथे सरळ वरच्या सप्तकात वाजवावे.

आणखी एक प्रतिस्पर्धी या सभागृहात असतो, आणि काळजी त्याचीच वाटते. की-बोर्डमध्ये आता ठेका, संघात आणि बेस सारे आपोआप वाजते. डाव्या हाताने तीन पट्ट्या दाबल्या की यंत्र स्वतःची बेस ओळ सुरू करते. जिवंत वादक आणि यंत्र एकाच वेळी तळाशी वाजू लागले तर नुसता चिखल होतो. सुज्ञ की-बोर्डवादक यंत्राचा बेस बंद करतो आणि डावा हात मध्य सप्तकात आणतो. पण अनेक मंडळ्यांत निर्णय दुसरा होतो : यंत्र राहते, मुलगा घरी जातो. यंत्र पगार मागत नाही, सरावाला उशीर करत नाही. त्याला भूप मात्र कळत नाही, ते आपले तीन संघात लावून मोकळे होते. हा हिशेब गोव्यातील पॅरिशनाही नवा नाही. ज्या चर्चनी हिंदी चित्रपटसृष्टीला वाद्यवृंदांचे वादक दिले, तिथल्या गायनवृंदाच्या माडीवर आज यंत्राचा ठेका ऐकू येतो. दर आठवड्याला, बदलत्या पट्टीत, खऱ्याखुऱ्या माणसांच्या गळ्यांसोबत वाजवायला मिळेल अशी दुसरी शाळा आपल्याकडे कुठे आहे? ट्रिनिटी कॉलेज लंडन किंवा रॉकस्कूल यांच्या आठव्या श्रेणीपर्यंतच्या परीक्षा जरूर द्याव्यात. त्यांनी हात तयार होतो. पण परीक्षेतील साथसंगत ध्वनिमुद्रित असते, ती कधी श्वास चुकवत नाही की एक कडवे जादा घेत नाही.

हैदराबादला जाणाऱ्याने पहिले काही रविवार वाद्य न काढता नुसते बसावे, पदे तोंडपाठ करावीत, तेलुगू येत नसेल तरी शब्दांचे आघात कानात साठवावेत. आणि गुड फ्रायडेची दुपार चुकवू नये. कॅथलिक चर्चमध्ये पवित्र गुरुवारच्या ग्लोरियापासून ईस्टरच्या जागरणापर्यंत वाद्यांना केवळ गायनाला आधार देण्यापुरती मुभा असते. तेलुगू मंडळ्यांत त्या दिवशी क्रुसावरील सात वचनांवर दुपारी दीर्घ उपासना चालते, प्रवचनांच्या मधून पदे होतात. पदे संथ, समुदाय थकलेला, पट्टी खाली उतरत चाललेली. बेसवादकाने तेव्हा षड्ज धरून ठेवायचा असतो. तेवढ्यावर तीन तास जातात.