यंत्राची बुद्धी

मनुष्याचा हात दुबळा आहे, म्हणून त्याने हत्यार घडविले. त्याची चाल मंद आहे, म्हणून त्याने चाक शोधून काढले. त्याची दृष्टी तोकडी आहे, म्हणून त्याने दुर्बीण बनविली. यंत्रांचा इतिहास म्हणजे मनुष्याने आपल्या उणिवांवर मात केल्याचा इतिहास होय. परंतु ही सर्व यंत्रे हातापायांची व डोळ्यांची कामे करीत. वाचणे, ओळखणे, अंदाज बांधणे, प्रश्नाला शब्दांत उत्तर देणे ही कामे बुद्धीची. ती मनुष्यानेच करावयाची, असे पिढ्यान्‌पिढ्या मानले जात असे. आज ही कामेही काही यंत्रे करू लागली आहेत. यंत्रांच्या ह्या सामर्थ्याला ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ असे म्हणतात.

हे सामर्थ्य कोठे दूरच्या प्रयोगशाळेत कोंडलेले नाही. पुण्यासारख्या शहरात त्याचा वावर सकाळपासून रात्रीपर्यंत चालू असतो. स्वारगेटहून शिवाजीनगरास जाताना कोणत्या रस्त्याने लवकर पोहोचता येईल, हे मोबाइल सांगतो. आजोबा मोबाइलशी बोलतात आणि त्यांचे बोलणे पडद्यावर अक्षरांच्या रूपाने उमटते. इंग्रजीतील पत्र क्षणात मराठीत वाचता येते. एखाद्याच्या बँकखात्यातून नेहमीपेक्षा निराळा व्यवहार झाला, तर यंत्रच बँकेला सावध करते. ह्या सोयींमागे कृत्रिम बुद्धिमत्ता आहे, ह्याचा वापरणाऱ्याला बहुधा पत्ताही नसतो. म्हणूनच ही बुद्धी येते कोठून आणि तिच्यावर विश्वास ठेवावा तो किती, हे समजून घेणे प्रत्येकास आवश्यक झाले आहे.

पूर्वीचे संगणक मनुष्याने लिहून दिलेल्या नियमांनुसार काम करीत. हिशेब करावयाचा तर नियम लिहून देणे सोपे असते. परंतु ओळखण्याचे नियम कसे लिहावेत? हाताने लिहिलेल्या ‘ख’ ह्या अक्षराचेच उदाहरण घ्या. कोणाच्या ‘ख’चे दोन भाग एकमेकांस जुळलेले असतात, तर कोणाचे सुटे राहतात आणि ते अक्षर ‘रव’ असे दिसू लागते. ‘ख’ कोठे संपतो आणि ‘रव’ कोठे सुरू होतो, ह्याचा नेमका नियम कोणालाही सांगता येणार नाही. तरीही शाळेत जाणारे मूल तो फरक सहज ओळखते. कारण त्याने ही अक्षरे असंख्य वेळा पाहिलेली असतात.

यंत्रालाही असेच शिकविता येते. हजारो लोकांच्या हस्ताक्षरातील अक्षरांची चित्रे त्याला दाखवितात. प्रत्येक चित्राचे अगदी बारीक चौकोन पाडलेले असतात आणि कोणता चौकोन किती काळा व किती पांढरा, हे अंकांनी नोंदलेले असते. त्या अंकांचे गणित करून यंत्र एक उत्तर देते. प्रारंभी ते उत्तर केवळ अदमासाने दिलेले असते. ते चुकले, की यंत्राच्या आतील गणितातील आकडे किंचित बदलले जातात. पुन्हा चित्र, पुन्हा उत्तर, पुन्हा दुरुस्ती असा क्रम लाखो वेळा चालतो. हळूहळू चुका कमी होतात आणि यंत्र अक्षर ओळखू लागते. कृत्रिम बुद्धिमत्तेचे मर्म ते हेच: नियमांच्या पाठांतराऐवजी उदाहरणांवरून शिकणे.

भाषेचेही तसेच. घाईने लिहिलेला ‘रवा’ आणि ‘खा’ हे शब्द सारखेच दिसतात. परंतु ‘चिवड्यानंतर लाडू –’ ह्यापुढे ‘खा’ येईल आणि ‘लाडवांसाठी किलोभर –’ ह्यापुढे ‘रवा’ येईल, हे आपण शेजारच्या शब्दांवरून ताडतो. कोट्यवधी वाक्ये वाचलेले यंत्र असाच हिशेब करते: ह्या शब्दांपुढे कोणता शब्द येण्याचा संभव अधिक? एकेक शब्द निवडीत ते वाक्य, परिच्छेद आणि निबंधही रचते. मात्र एक गोष्ट विसरू नये. ‘लाडू’ आणि ‘खा’ ह्या शब्दांची जवळीक यंत्राला कळते. लाडवाची चव त्याला ठाऊक नसते.

हा विचार अगदी नवा नाही. ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हे नाव अमेरिकेतील जॉन मॅकार्थी ह्यांनी १९५५ मध्ये सुचविले आणि पुढच्याच वर्षी डार्टमथ येथे ह्या विषयावर विद्वानांची पहिली परिषद भरली. परंतु यंत्राला लाखो उदाहरणे शिकवावयाची, तर फार शक्तिमान संगणक हवा. त्या दिशेने भारतात जे प्रयत्न झाले, त्यांत पुण्याचा वाटा मोठा आहे. १९८८ मध्ये येथे ‘प्रगत संगणन विकास केंद्र’ म्हणजेच ‘सी-डॅक’ ही संस्था स्थापन झाली. डॉ. विजय भटकर ह्यांच्या नेतृत्वाखाली तिने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. २०२० मध्ये खास कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामासाठी उभारलेल्या ह्याच संस्थेच्या ‘परम सिद्धी’ ह्या यंत्रास जगातील पाचशे शक्तिमान संगणकांच्या यादीत ६३ वे स्थान मिळाले.

परंतु केवळ शक्तिमान यंत्र असून भागत नाही; त्याला उदाहरणे द्यावी लागतात, आणि ती माणसांनीच जमविलेली असतात. पुण्याच्या शिवाजीनगर भागात ‘सिमला ऑफिस’ म्हणून ओळखली जाणारी जुनी इमारत आहे. हवामान खात्याचे कार्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले, त्यावरून हे नाव पडले. देशभरातील हवामानाच्या नोंदी पुण्यातच जतन करून ठेवल्या जातात. रोज सकाळी साडेआठ वाजता ठिकठिकाणी पर्जन्यमापक पाहून कोणी ना कोणी पावसाचा आकडा लिहितो. पाऊस कोसळत असो वा एक थेंबही पडलेला नसो, नोंद चुकवावयाची नाही, असा दंडक आहे. गेली सव्वाशे वर्षे असंख्य अज्ञात माणसांनी हे साधे काम निष्ठेने केले.

ह्या निष्ठेचे फळ २०२५ मध्ये दिसून आले. पाऊस नेमका केव्हा येणार, हे आधी कळणे शेतकऱ्याला अत्यंत मोलाचे असते. पहिल्या सरी पाहून पेरणी केली आणि मग पावसाने ओढ दिली, तर बियाणे जळून जाते आणि दुबार पेरणीचे संकट ओढवते. त्या वर्षी केंद्रीय कृषी मंत्रालयाने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने मोसमी पावसाचा चार आठवड्यांपर्यंतचा अंदाज तयार करविला आणि सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना तो मोबाइलवर कळविला. त्यासाठी नव्या यंत्रांच्या गणिताला सव्वाशे वर्षांच्या जुन्या नोंदींची जोड दिलेली होती. पाऊस त्या वर्षी लवकर आला आणि मग वाटेतच थबकला. त्या खंडाची सूचनाही शेतकऱ्यांना आधीच मिळाली.

रुग्णालयातही ह्या बुद्धीचा उपयोग होऊ लागला आहे. छातीच्या क्ष-किरण चित्रात क्षयरोगाची खूण आहे काय, हे यंत्र ओळखू शकते. जेथे तज्ज्ञ डॉक्टर सहजासहजी मिळत नाहीत, अशा ठिकाणी ही मोठीच मदत होय. १५ वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींच्या तपासणीत अशा साधनांचा उपयोग करावा, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये केली. तथापि यंत्राने संशय दाखविल्यावर थुंकीची तपासणी करून रोगाची खात्री करणे, हे काम उरतेच. यंत्र बोट दाखविते. निदानाची जबाबदारी वैद्याची.

एकच शक्ती तारक कशी ठरते आणि मारक कशी ठरते, ह्याचे बोलके उदाहरण पुणे जिल्ह्यातच घडले. जिल्ह्याच्या उत्तर भागातील जुन्नर, आंबेगाव, खेड व शिरूर ह्या तालुक्यांत उसाची शेती विस्तृत आहे. दाट उसात बिबट्यांना आसरा मिळतो आणि तेथेच त्यांची पिल्ले वाढतात. २०२५ च्या ऑक्टोबर व नोव्हेंबर महिन्यांत शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जणांना प्राण गमवावे लागले. त्यांत दोन मुले होती. अशा संकटाची आगाऊ सूचना देणारे कॅमेरे जुन्नर वनविभागातील काही गावांत बसविण्यात आले आहेत. समोरून जाणारा प्राणी कुत्रा आहे, गाय आहे की बिबट्या, हे कॅमेऱ्यास जोडलेले यंत्र ओळखते. बिबट्या असल्यास भोंगा वाजतो, आणि माणसे मुलांना घेऊन घरात जातात. हजारो चित्रे पाहून शिकलेली बुद्धी येथे गावाची राखण करते.

परंतु जे यंत्र बिबट्याचे चित्र ओळखावयास शिकते, त्याच जातीचे दुसरे यंत्र बिबट्याचे चित्र काढावयासही शिकते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुणे शहराच्या औंध भागात बिबट्या आढळला. त्या सुमारास बिबट्याची बनावट चित्रे मोबाइलवरून पसरू लागली. ओळखीची गल्ली, ओळखीची भिंत आणि तिच्यावर बसलेला बिबट्या! चित्र इतके हुबेहूब, की पाहणाऱ्याने शंका घेऊ नये. लोक घाबरले, आणि खऱ्या बिबट्याचा माग काढण्यात गुंतलेल्या वनखात्याला खोट्या बिबट्यांचीही शहानिशा करीत बसावे लागले. ‘लांडगा आला रे आला’ असे खोटेच ओरडणाऱ्या मुलाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. त्या मुलाची आरोळी एका गावापुरती होती. आज एका बोटाच्या स्पर्शाने ती साऱ्या शहरात पोहोचते. गंमत म्हणून चित्र पुढे पाठविणाऱ्याला हे कळत नाही, की उद्या खरा भोंगा वाजेल तेव्हा कोणी दार लावणार नाही.

चित्राप्रमाणेच आवाजाचीही नक्कल होऊ शकते. आपल्या नातेवाइकाच्या हुबेहूब आवाजात ‘मी संकटात आहे, ताबडतोब पैसे पाठव’ असा फोन येतो आणि भोळी माणसे फसतात. अशा वेळी फोन ठेवावा आणि त्या नातेवाइकाच्या नेहमीच्या क्रमांकावर आपण स्वतः पुन्हा विचारावे. आजवर ‘डोळ्यांनी पाहिले, कानांनी ऐकले’ हा पुरावा मानला जाई. आता चौकशी केल्यावाचून तो पुरा मानता येत नाही.

ह्याहून सूक्ष्म असा एक दोष आहे. यंत्र संभवाचा हिशेब करते, सत्याचा नव्हे. म्हणून एखादी गोष्ट त्याला ठाऊक नसली, तरी ते कधी कधी घडघडीत वाक्यांत चुकीचे सन आणि नसलेली पुस्तके सांगून मोकळे होते. चुकताना त्याचा आवाज अडखळत नाही. शिवाय, ज्याची उदाहरणे त्याला मिळाली नाहीत, त्याविषयी ते अज्ञानी राहते. पुण्यातील ‘एलथ्रीक्यूब’ ह्या गटाने २०२२ मध्ये यंत्रांना मराठी शिकविण्यासाठी सुमारे २ कोटी ४८ लाख वाक्यांचा संग्रह सिद्ध केला. हे काम स्तुत्य होय. परंतु त्यातील मोठा भाग बातम्यांचा आहे. आणि बातम्यांच्या भाषेत अहिराणीचा गोडवा, मालवणीचा ठसका आणि वऱ्हाडीचा मोकळेपणा कितीसा उतरणार? आठ कोटींहून अधिक लोकांच्या मातृभाषेचे जे रूप लिहिले जाणार नाही, ते यंत्राला कळणार नाही. आणि ज्यांची बोली यंत्राला कळणार नाही, त्यांना यंत्राच्या सोयीही पुरत्या मिळणार नाहीत.

उपजीविकेचा प्रश्नही आहेच. छापखान्यात खिळे जुळविणाऱ्या कुशल कामगारांचे काम संगणकाने नाहीसे केले. तशी आजची कित्येक लेखी कामे उद्या यंत्रे करतील. काही नवी कामेही निर्माण होतील. परंतु ती करू शकतील ती माणसे, जी स्वतः विचार करावयास शिकली असतील. म्हणून विद्यार्थ्याने यंत्राकडून निबंध लिहवून घेणे हे दुसऱ्याकडून व्यायाम करवून घेण्यासारखे आहे. व्यायाम होतो खरा, पण बळ आपल्या अंगी येत नाही. न समजलेले गणित पुन्हा समजावून घेण्यासाठी मात्र यंत्राचे साहाय्य अवश्य घ्यावे, आणि उत्तर पुस्तकाशी व शिक्षकांशी ताडून पाहावे.

यंत्राची बुद्धी ही माणसांच्या नोंदींतून घडते. पर्जन्यमापकाजवळ उभे राहून खरा आकडा लिहिणाऱ्या माणसामुळे लाखो शेतकऱ्यांना पावसाचा सुगावा लागला. खोट्या बिबट्याचे चित्र पसरविणाऱ्यामुळे सारे शहर संभ्रमात पडले. आज लिहिणे, चित्र काढणे आणि ते हजारोंपर्यंत पोहोचविणे हे लहान मुलाच्याही हाती आले आहे. तेव्हा खरे तेवढेच नोंदावे, शंका आली तर विचारावे आणि खात्री झाल्यावाचून पुढे पाठवू नये, हे तीन नियम ज्याने पाळले, त्याच्या हाती यंत्राची बुद्धी शोभून दिसेल.