कुलाबा ते अलिबाग : चुंबकमापनाच्या उपकरणांविषयी

मीरा-भाईंदरसारख्या नगरात चुंबकसूची टांगून पृथ्वीच्या चुंबकत्वाची सूक्ष्म नोंद घेऊ म्हटले, तर ती विश्वसनीय ठरणार नाही. विजेवर चालणारी रेल्वे, इमारतींतील लोखंडी गज, रात्रंदिवस धावणारी वाहने या सर्वांचे पडसाद तीत उमटतील. हीच अडचण विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईस जाणवली आणि तिच्यामुळेच कुलाबा वेधशाळेचे चुंबकीय कार्य अलिबाग येथे हलविण्यात आले.

कुलाबा वेधशाळा १८२६ सालची. तेथे चुंबकीय निरीक्षणांस १८४१ मध्ये प्रारंभ झाला. बाळशास्त्री जांभेकर आणि केरूनाना छत्रे यांचा या वेधशाळेशी निकट संबंध होता, हे मराठीच्या अभ्यासकांनी तरी विसरू नये. उपकरणांचे तत्त्व साधे होते. टांगलेल्या चुंबकपट्टीचे किंचितसे विचलनही दुर्बिणीतून मोजपट्टीवर वाचावयाचे. एका उपकरणाने दिक्पात, म्हणजे खरी उत्तर व सूची यांमधील कोन, मिळे. दुसऱ्यात पट्टी दोन धाग्यांनी टांगलेली असे. त्या धाग्यांचा पीळ आणि चुंबकाची ओढ यांच्या समतोलावरून क्षितिजसमांतर बलातील फेरफार कळे. (‘वेध’ शब्दाच्या मुळाशी ‘भेदणे’ हा अर्थ आहे, येथे मात्र लक्ष्य दिसतच नाही, केवळ त्याची ओढ जाणवते.)

सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरील प्रचंड उद्रेकानंतर जे चुंबकीय वादळ झाले, त्याची नोंद कुलाब्यास माणसांनी डोळ्यांनी वाचून केली. क्षितिजसमांतर बल सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरले. म्हणजे येथील एकूण मूल्याच्या सुमारे ४ टक्के. २००३ साली या आकड्यांचे नव्याने विवेचन झाले. त्या घसरणीचे कारण कोणते, पृथ्वीभोवतीचा वलयप्रवाह की आणखी काही, याविषयी मतभेद आहेत. परंतु ही नोंदच नसती तर मतभेदांसही आधार उरला नसता.

मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या १९०७ मध्ये धावू लागल्या. त्यापूर्वीच, १९०४ साली, संचालक ना. अ. फ. मूस यांच्या कारकिर्दीत अलिबागची वेधशाळा सुरू झाली. तिच्या इमारतींत लोखंड कटाक्षाने टाळले होते. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी समांतर निरीक्षणे घेण्यात आली. माझ्या मते या सर्व वृत्तान्तातील हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची होय. दोन हस्तलिखितांतील समान भाग ताडून पाहिल्यावाचून पाठपरंपरा सिद्ध होत नाही. तद्वत् या दोन वर्षांवाचून कुलाब्याचे आकडे व अलिबागचे आकडे ही दोन तुटक बाडे राहिली असती.

आज हे कार्य भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे असून तिचे मुख्यालय नवी मुंबईत नवीन पनवेल येथे आहे. धाग्याची जागा फ्लक्सगेट चुंबकमापकाने घेतली. प्रोटॉन चुंबकमापक एकूण बल मोजतो. तथापि फ्लक्सगेट फेरफारच उत्तम दाखवितो, आणि त्याची मूलरेषा काळाच्या ओघात सरकते. म्हणून निरपेक्ष मूल्यांसाठी निरीक्षकास आजही अचुंबकीय थिओडोलाइटपाशी स्वतः उभे राहावे लागते, आणि तत्पूर्वी खिशातील किल्ल्या व मनगटावरील घड्याळ दूर ठेवावे लागते.