बी पडतं सगळीकडे, उगवतं मोजक्याच ठिकाणी

पेरलेलं सगळंच उगवत नाही, हे बियाण्यांच्या जालन्याला कोणी शिकवायला नको. महिको ही बियाणे कंपनी इथे 1964 साली सुरू झाली. कॅन्सरला हाच नियम लावला तो लंडनच्या स्टीफन पॅजेट या सर्जनने, 1889 मध्ये. स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या 735 बायकांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी त्याने चाळल्या. यकृतात गाठी 241 जणींच्या, प्लीहेत फक्त 17. रक्त तर दोन्हीकडे खेळतं! म्हणजे पेशी हे बी, अवयव ही जमीन, आणि बी जमीन बघून रुजतं. इतकं सरळ निरीक्षण, पण पुढची कित्येक दशकं ते बाजूलाच पडून राहिलं.

बाकी या पेशींचा प्रवास म्हणजे हालच. मूळ गाठीतून निसटायला भोवतालचं कोलॅजेनचं जाळं विकरांनी कापत जावं लागतं. फटी अरुंद. अंग मऊ असल्यामुळे आत शिरतं, पण टणक केंद्रक अडकतं, कधी फाटतंही. पेशी ते सांधून घेते आणि पुढे सरकते. दाद द्यावी की घाबरावं?

रक्तात पोचलेल्यांपैकी हजारात एखादीही दूर जाऊन गाठ उभी करू शकत नाही. झुंडीने फिरणाऱ्या मात्र डेंजर. 2014 सालच्या उंदरांवरच्या प्रयोगात एकट्या पेशीपेक्षा झुंडीची गाठ धरण्याची ताकद 23 ते 50 पट निघाली.

आणि या निशाचर आहेत! स्तनाचा कॅन्सर असलेल्या 30 बायकांचं रक्त पहाटे चारला आणि सकाळी दहाला तपासलं, तर सापडलेल्या पेशींपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त पहाटेच्या नमुन्यात होत्या. अभ्यास छोटा, 2022 चा.

गुटखा-तंबाखूच्या मराठवाड्याने लक्षात ठेवावं असं एक: तोंडाचा कॅन्सर आधी मानेत उतरतो. मानेत गाठ लागत नसतानाही तिथल्या लसिका ग्रंथी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढल्या, तर तीन वर्षांनी 80 टक्के रुग्ण हयात होते. गाठ येईपर्यंत थांबलेल्यांत 67.5 टक्के. हे 2015 मध्ये दाखवलं मुंबईच्या टाटा हॉस्पिटलने.

‘गाठीला सुई लावली की कॅन्सर पसरतो,’ असं गावोगाव ऐकू येतं. तपासणीच्या सुईने तसं होणं फार दुर्मीळ. उलट डॉ. राजेंद्र बडवे आणि टाटातल्या सहकाऱ्यांनी स्तनाच्या ऑपरेशनआधी सात ते दहा मिनिटं गाठीभोवती सुईच टोचली. औषध साधं: हिरडी बधिर करायला दातांचे डॉक्टर वापरतात ते लिग्नोकेन. पेशींच्या हालचालीला लागणाऱ्या सोडियमच्या वाटा ते अडवतं, असा त्यांचा कयास. 2023 मध्ये निकाल आला. सुमारे 1,600 बायकांपैकी ज्यांना सुई दिली त्यांच्यातल्या 90.1 टक्के पाच वर्षांनी हयात होत्या, न दिलेल्यांतल्या 86.4 टक्के.