शिकायला फी नाही, पण बैठक लागते



आज ऐंशी रुपयांच्या गोष्टीपासून सुरुवात करू. आमच्या गटातल्या एका ताईंनी १०,००० रुपये कर्ज घेतलं होतं. त्यातले ४,००० फेडले, राहिले ६,०००. गटाचं व्याज महिन्याला शेकडा दोन. म्हणजे पुढच्या महिन्याचं व्याज झालं १२० रुपये. वहीत मात्र २०० लिहिलेले! ताईंनी बैठकीत विचारलं, "फेडलेल्या पैशावरही व्याज कशाला?" आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिलो. वही आमची, पैसा आमचा, सह्या आमच्या. पण हिशेब लिहिणारा मुलगा बाहेरचा. तो येईपर्यंत उत्तर कुणाकडेच नव्हतं.

त्या दिवशी ठरवलं, हिशेब आपणच शिकायचा. पण तालुक्याला क्लास लावायचा म्हणजे फी, एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी. मग कळलं, की हे शिक्षण फोनवर फुकट मिळतं.

मुंबईच्या आयआयटीने 'स्पोकन ट्युटोरियल' नावाचे धडे तयार केले आहेत. एकेक धडा साधारण दहा मिनिटांचा. पडद्यावरची अक्षरं इंग्रजी असली, तरी पुष्कळ धड्यांत समजावणारा आवाज मराठी आहे. त्यात 'लिब्रेऑफिस कॅल्क' शिकवतात. हे हिशेबाचं सॉफ्टवेअर आहे आणि तेही फुकट आहे. संगणक नव्हता, म्हणून गुरुजींना विचारून रविवारी शाळेतला वापरला. एकीने फोनवर धडा लावायचा, दुसरीने संगणकावर करायचं, बाकीच्यांनी बघायचं. थोडं ऐकायचं, धडा थांबवायचा, तेवढं करून पाहायचं. नुसतं बघून पोळी येत नाही, तसंच हे.

पहिले दोन रविवार माऊस धरण्यातच गेले. मग रकाने पाडले: नाव, मागची बाकी, व्याज, फेडलेली मुद्दल, उरलेली बाकी. व्याजाच्या रकान्यात संगणकाला एकदाच सांगायचं, की मागच्या बाकीला दोनने गुण आणि शंभराने भाग. तेच खाली ओढलं, की सगळ्या बायकांचं व्याज आपोआप निघतं. असं मागच्या महिन्यांचं पडताळून पाहिलं, तेव्हा आणखी दोघींच्या खात्यांत तीच चूक सापडली. जास्तीचे पैसे बैठकीत सगळ्यांसमोर परत केले. कागदी वही आम्ही सोडलेली नाही, पण आता ती आमच्या अक्षरात आहे.

हिशेबच शिकावा असं काही नाही. बाळंतिणीचा आहार, बाळाला अंगावर पाजायची योग्य पद्धत, वरचं खाणं कसं सुरू करावं, यावरही आयआयटीचे धडे आहेत. ते बघताना आशाताईंना सोबत बसवा. धड्यात न कळलेलं त्यांना विचारता येतं. औषध मात्र फोन बघून कधीच घेऊ नका.

कुणाची शाळा अर्धवट राहिली असेल, तर लेकीचं पाठ्यपुस्तक उघडा. त्यात काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन असतो, तो क्यूआर कोड. 'दीक्षा' ॲप उघडून त्यावर फोन धरला, की धड्याशी जोडलेलं साहित्य समोर येतं. बालभारतीची पुस्तकंही इंटरनेटवर फुकट वाचता येतात. आणि दहावीला बाहेरून बसायचं असेल, तर १७ नंबरचा फॉर्म असतो. त्याची मुदत आणि अटी जवळच्या हायस्कुलात विचारा. कॉलेजात जाणाऱ्या मुलींसाठी केंद्र सरकारचं 'स्वयं' हे संकेतस्थळ २०१७ पासून सुरू आहे. तिथे शिकणं फुकट आहे. प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेची फी भरावी लागते.

आता एक ठेच सांगतो, म्हणजे तुम्हाला ती लागणार नाही. आमच्यातल्या एकीला फोनवर निरोप आला, 'घरबसल्या काम शिका, आधी ५०० रुपये भरा.' तिने भरले. ना काम आलं, ना पैसे. चारचौघींत लाज वाटेल म्हणून ती महिनाभर गप्प बसली. म्हणून आमच्या गटाचा नियम ठरला: शिकण्यासाठी कुणी पैसे किंवा ओटीपी मागितला, तर आधी बैठकीत सांगायचं. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सरकारी नंबरवर फोन करायचा. फसणारीची चूक काढत बसायचं नाही.

नेटपॅकचीही काळजी घ्या. एकीच्याच फोनवर धडा उतरवून घ्या आणि सगळ्या मिळून बघा. पाच जणींचा नेट कशाला खर्च करायचा? शिवाय एकटीने बघितलं, की चुलीवर दूध उतू जातं, पोर रडतं आणि धडा तिथेच राहतो. पाच जणी बसल्या, की एकीचं अडलेलं दुसरी सोडवते. एखादी आली नाही, तर तिला घरून बोलावून आणता येतं.

तेव्हा मैत्रिणींनो, या आठवड्याच्या बैठकीत एवढंच करा. आपल्या गटाचं कोणतं काम दुसऱ्यावाचून अडतं, ते विचारा. त्यातलं एकच निवडा, वार ठरवा, आणि दहा मिनिटांचा पहिला धडा लावा. ज्या ताईंनी त्या दिवशी प्रश्न विचारला, त्याच आज आमच्या गटाचा हिशेब लिहितात.

पुन्हा भेटूच. नमस्कार!