एका पासवर्डपासून प्रत्येकाच्या ओळखीपर्यंत

जानेवारी 2005 मध्ये केंद्र सरकारने 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त केला आणि वायफायचा राउटर कुणालाही लावता येऊ लागला. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीसारख्या टॉवेल-चादरींच्या वसाहतीत तेव्हा संगणक असे तो ऑफिसात. सगळ्यांना मिळून एकच पासवर्ड असला तरी भागत होतं.

2008 ने ही बेफिकिरी मोडली. अहमदाबाद स्फोटांच्या वेळचा दहशतवाद्यांचा ई-मेल नवी मुंबईतल्या एका घरच्या उघड्या वायफायवरून गेला होता. ऑगस्टमधला दुसरा माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या जोडणीवरून गेला. जोडणीच्या मालकांना याचा पत्ताही नव्हता. फेब्रुवारी 2009 मध्ये दूरसंचार विभागाने वायफाय वापरणाऱ्याची ओळख पटवण्याच्या सूचना काढल्या.

पहिला उपाय सोपा वाटला: उपकरणांच्या मॅक पत्त्यांची यादी ठेवायची आणि यादीबाहेरच्याला अडवायचं. पण मॅक पत्त्याची नक्कल करता येते. पुढे 2019 मध्ये अँड्रॉइड 10 आणि 2020 मध्ये आयओएस 14 आलं. फोन आपला खरा पत्ता झाकून नेटवर्कागणिक वेगळा पत्ता सांगू लागले. कालपर्यंत चालणारा फोन आज अनोळखी ठरला की खापर मात्र नियंत्रण करणाऱ्या सॉफ्टवेअरवर फुटे.

खरा मार्ग 802.1एक्सचा. हे मानक 2001 पासून आहे, आणि पॅकेटफेन्स, फ्रीरेडियस अशी मोफत साधनंही उपलब्ध आहेत. यात प्रत्येक कामगाराला स्वतःचं खातं मिळतं. अ‍ॅक्सेस पॉइंट रेडियस सर्व्हरला विचारतो, सर्व्हर होकार किंवा नकार देतो.

बिघाड शोधण्याची रीत याच साखळीतून मिळते. सर्व्हरच्या लॉगमध्ये विनंतीची ओळच नसेल, तर ती पोचलेलीच नाही. 1812 क्रमांकाचा पोर्ट आणि सर्व्हरचा पत्ता तपासावा. नकार असेल, तर पासवर्ड किंवा सर्टिफिकेट पाहावं. होकार मिळूनही नेट चालत नसेल, तर दोष व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या विभागणीत) किंवा डीएचसीपीत (उपकरणांना आयपी पत्ते देणाऱ्या सेवेत) असतो. तिथे पासवर्ड बदलून काहीच साधत नाही.

वेळेकडे तर हटकून दुर्लक्ष होतं. लाईट जाऊन आल्यावर सर्व्हरचं घड्याळ मागे पडलं, तर चांगलं सर्टिफिकेटही त्याला अवैध वाटतं. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी ही खाती सांभाळणारी यंत्रणा तर एरवी 5 मिनिटांपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही. अँड्रॉइड 11 पासून अनेक फोनांवर सर्टिफिकेटची तपासणी टाळण्याची सोयही गेली. ती गेली हे बरंच झालं. त्या सोयीमुळे खोटा अ‍ॅक्सेस पॉइंट लावून पासवर्ड पळवता येत असे.

आज वायफाय ऑफिसाबाहेर पडून शेडपर्यंत, कॅमेऱ्यांपर्यंत आणि मालाच्या स्कॅनरपर्यंत पोचलं आहे. म्हणून कारखानदारांना एवढंच सांगणं आहे: सर्व्हरला यूपीएस द्या, घड्याळ इंटरनेटवरून जुळतं ठेवा, सर्टिफिकेट संपण्याची तारीख कॅलेंडरवर लिहा, काम सोडलेल्याचं खातं त्याच दिवशी बंद करा. आणि नेट अडलं की तपासणी बंद करण्याआधी लॉग वाचा.