पाणी किती फूट झालं?

मनाचा कारभार : लेखांक ९

२०१९ च्या ऑगस्टमध्ये मी सांगलीत आत्याकडे होते. गावभागातलं जुनं दोन मजली घर. पावसानं उसंत दिली नव्हती आणि कृष्णा फुगत चालली होती. पुराच्या दिवसांत सांगलीकराला एकच माप कळतं, आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. कुणी कुणाला ‘जेवलास का’ विचारत नव्हतं, ‘किती फूट झालं?’ एवढंच विचारत होतं. कोयना धरणातून किती क्युसेक सोडलं आणि कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून किती, हे आकडे लहान पोरांच्याही तोंडी होते.

मीही त्यातलीच. दर दहा मिनिटांनी मोबाइल उघडायचे. आकडा वाढला की पोटात गोळा यायचा, तेवढाच राहिला की जरा बरं वाटायचं, आणि दोन्ही वेळा मी जागची हलत नव्हते. शेजारचे काका सांगत होते, २००५ ला पाणी तिसऱ्या पायरीला टेकून माघारी गेलं, त्याच्या वर ते येत नाही. ते ऐकायला मला फार आवडत होतं.

आत्या तेव्हा सत्तरीला टेकलेली. तिनं एकदाही ‘किती फूट’ म्हणून विचारलं नाही. सकाळी उठल्याबरोबर तिनं घरातले हंडे, कळशा, पातेली पिण्याच्या पाण्यानं भरून वरच्या मजल्यावर न्यायला लावली. पूर आला की प्यायला पाणी मिळत नाही, हे ती मागच्या पुरात शिकली होती. मग गहू-तांदळाचे डबे, भडंगाचा डबा, बीपीच्या गोळ्या, मेणबत्त्या, काडेपेट्या. रेशनकार्ड, सातबारा, पासबुकं एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिनं ती सुतळीनं घट्ट बांधली. मेन स्विच बंद केला. मी पुन्हा मोबाइल उघडलेला पाहून म्हणाली, ‘‘पुलाकडं बघून पाणी उतरणार आहे का? तो डबा धर.’’

पाणी शेवटी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५ ची खूण कुठल्या कुठे बुडाली. आम्हाला बोटीतून बाहेर काढलं. विश्रामबागेत नातेवाइकांकडे पोहोचल्यावर मी तिला म्हटलं, ‘‘आत्या, तुला भीती कशी वाटली नाही गं?’’ ती माझ्याकडे बघतच राहिली. ‘‘अगं, पाय लटलट कापत होते. हात रिकामे ठेवले असते तर तेही कापले असते. म्हणून तर उचलत होते.’’

आपल्या हातात काय आहे आणि काय नाही, ही विभागणी आपण मागच्या दोन लेखांत पाहिली. त्यावर हटकून एक शंका निघते. हातात नाही हे कळतं, पण मन ऐकत नाही. निकालाच्या आदल्या रात्री झोप उडते ती उडतेच. साहेबांचा अपमानाचा शब्द कानावर पडला की तोंड लाल होतं ते होतंच. मग ही विभागणी कागदावरच राहायची का? शंका रास्त आहे, आणि तिचं उत्तर आत्याच्या त्या बोलण्यात आहे. जवळजवळ तेच उत्तर अठराशे वर्षांपूर्वीच्या एका समुद्रप्रवासाच्या हकिकतीत मिळतं. ही हकिकत मला फार मोलाची वाटते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

ऑलस गेलियस नावाचा एक रोमन लेखक होता, दुसऱ्या शतकातला. ‘अ‍ॅटिक नाइट्स’ या ग्रंथात त्यानं वाचलेलं, ऐकलेलं, पाहिलेलं बरंच काही टिपून ठेवलं आहे. एकदा तो ग्रीसकडून इटलीतल्या ब्रुंडिसियम बंदराकडे जहाजानं निघाला. समुद्र खवळला, रात्रभर वादळ झालं, जहाजात पाणी भरू लागलं. लोक रडत-ओरडत होते. त्याच जहाजावर स्टोइक पंथाचा एक नावाजलेला तत्त्वज्ञ होता. सुखदुःखात माणसानं विवेक सोडू नये, असं शिकवणारा हा पंथ. गेलियसला कुतूहल वाटलं आणि त्या गोंधळात त्यानं या माणसाचा चेहरा शोधला. तो चेहरा पांढराफटक पडला होता. बाकीच्यांसारखा आक्रोश तो करत नव्हता, पण घाबरलेला मात्र दिसत होता.

पुढे समुद्र शांत झाला. नोकरचाकरांच्या लवाजम्यासह प्रवास करणारा एक श्रीमंत प्रवासी तत्त्वज्ञाजवळ आला आणि त्यानं टोमणा मारला : तुम्ही तत्त्वज्ञ असून भ्यालात, मी तर भ्यालो नाही. तत्त्वज्ञानं त्याला दोन शब्दांत वाटेला लावलं. पण किनारा जवळ आल्यावर गेलियसनं तोच प्रश्न नम्रपणे विचारला, तेव्हा त्यानं झोळीतून एक पुस्तक काढलं. ते होतं एपिक्टेटस या स्टोइक तत्त्वज्ञाच्या प्रवचनांचं पाचवं पुस्तक.

त्यातला मजकूर गेलियसनं आपल्या शब्दांत दिला आहे. त्याचा आशय असा. आभाळ कडाडलं, काही कोसळलं, अचानक वाईट बातमी आली की मनावर एक ठसा उमटतो. तो उमटू द्यायचा की नाही हे आपल्याला कुणी विचारत नाही, तो आपल्या जोरावर आत घुसतो. शहाण्यातल्या शहाण्याचाही रंग उडतो, काळीज धडधडतं. इथपर्यंत शहाणा आणि अडाणी सारखेच. फरक पुढच्या पायरीवर पडतो. तो ठसा मनाला म्हणतो, ‘हे भयंकर आहे, सगळं संपलं.’ अडाणी माणूस या म्हणण्याला होकार देतो. शहाणा माणूस चेहरा पांढरा पडलेला असतानाही तो होकार रोखून धरतो.

एपिक्टेटसच्या प्रवचनांची आज चारच पुस्तकं उरली आहेत. पाचवं काळाच्या ओघात हरवलं. वादळातल्या एका प्रवाशानं प्रश्न विचारला, म्हणून त्यातला हा तुकडा आपल्यापर्यंत पोहोचला.

हा ‘होकार’ शब्द नीट लक्षात घ्या, कारण नियंत्रणाची सगळी गोष्ट तिथे येऊन थांबते. आपण चुकतो ते इथे. पहिला धक्का आपल्या हातात असायला हवा, असं आपण धरून चालतो. मग तो बसला की दुहेरी दुःख होतं. आधी भीती, आणि वर ‘इतकी पुस्तकं वाचून, इतकं ध्यान करून मी घाबरलेच कशी’ ही शरम. समुपदेशनाला येणारी कितीतरी माणसं पहिल्या दुःखापेक्षा या दुसऱ्याखाली जास्त वाकलेली असतात. त्यांना मी या पांढऱ्या पडलेल्या तत्त्वज्ञाची गोष्ट सांगते. पाय कापले म्हणजे तुम्ही हरलात असं नाही. कापणाऱ्या पायांनी डबा उचलता येतो.

मनाशी असं बोलता येतं हे मराठी माणसाला नव्यानं सांगायला नको. समर्थ रामदासांच्या मनाच्या श्लोकांची संख्या २०५, आणि त्यांची मांडणीच मनाला हाक मारून केलेली आहे. ज्याला हाक मारता येते, तो आपल्यापासून हातभर अंतरावर उभा असतो. एपिक्टेटसही शिष्यांना हेच करायला लावायचा. मनात आलेल्या प्रत्येक कडू ठशाला थांबवून विचारा, की तू जसा दिसतोस तसाच आहेस का, आणि तू माझ्या हातातल्या गोष्टीबद्दल बोलतो आहेस की हाताबाहेरच्या?

एपिक्टेटस हे सांगत होता तो आरामखुर्चीत बसून नव्हे. आजच्या तुर्कस्तानातल्या हायरापोलिस गावचा हा माणूस गुलाम म्हणून वाढला. त्याचा मालक एपाफ्रोडिटस हा नीरो बादशहाच्या दरबारातला. एपिक्टेटस पायानं अधू होता. पुढे तो मुक्त झाला आणि शिकवू लागला, तेव्हा डोमिशियन बादशहानं तत्त्वज्ञांना रोममधून हाकललं. मग त्यानं ग्रीसमधल्या निकोपोलिसला शाळा काढली. त्यानं स्वतः काही लिहिलं नाही. आज आपण वाचतो ती एरियन या शिष्याची टिपणं.

सुमारे अठरा शतकांनंतर न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञानं या विचाराला उपचाराचं रूप दिलं. १९५५ पासून त्यांनी ही विवेकनिष्ठ पद्धत वापरायला सुरुवात केली आणि एपिक्टेटसचं ऋण ते उघडपणे मान्य करत. मराठीत हा विचार रुजवण्याचं मोठं श्रेय कि. मो. फडके यांचं. एलिस यांच्याशी त्यांनी दीर्घकाळ पत्रव्यवहार केला आणि इथल्या कितीतरी जणांना या पद्धतीची गोडी लावली. एलिस यांच्या मांडणीत तीन पायऱ्या आहेत : घटना, घटनेबद्दलची आपली समजूत, आणि त्यातून उठणारी भावना. आपण मधली पायरी गाळून बोलतो. ‘त्यानं उशीर केला म्हणून मी भडकले.’ पण त्याच उशिरानं शेजारची बाई नुसती कंटाळली. फरक मधल्या समजुतीचा आहे. ‘त्यानं वेळेवर यायलाच हवं होतं’ हे वाक्य एकीच्या मनात आहे, दुसरीच्या नाही.

एलिस इंग्रजीतल्या ‘हवंच’ या अर्थाच्या क्रियापदामागे हात धुऊन लागले होते. आपल्या भाषेत ते काम एक अक्षर करतं : ‘च’. ‘मला ही नोकरी मिळालीच पाहिजे.’ ‘मुलानं माझं ऐकलंच पाहिजे.’ हा ‘च’ काढून वाक्य पुन्हा म्हणून पाहा. ‘मला ही नोकरी मिळावी असं फार वाटतं.’ इच्छा तेवढीच तीव्र राहते. मात्र जगानं ती मान्य केली नाही तर मन निराशेवर थांबतं, उद्ध्वस्त होण्यापर्यंत जात नाही.

एलिस यांनी हे आधी स्वतःवर करून पाहिलं होतं. एकोणिसाव्या वर्षी अनोळखी मुलींशी बोलायला ते कमालीचे बुजायचे. त्यांनी ठरवलं, महिनाभर ब्राँक्सच्या वनस्पतिउद्यानात जायचं आणि बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की शेजारी बसून बोलायला लागायचं. त्यांनीच सांगितल्याप्रमाणे १३० जणी भेटल्या. ३० उठून गेल्या, १०० जणींशी बोलणं झालं, एकीनं भेटायचं कबूल केलं आणि ती आली नाही. पण त्या बाकांवर त्यांची भीती मात्र गेली. समोरच्या स्त्रीनं हो म्हणणं त्यांच्या हातात नव्हतं. बाकावर जाऊन बसणं होतं.

आता एक गोष्ट जरा कळकळीनं सांगते, कारण या विचाराचा गैरवापर मी डोळ्यांनी पाहिला आहे. पूर ओसरल्यावर एका सभेत एक गृहस्थ पूरग्रस्तांना समजावत होते : जे झालं ते आपल्या हातात नव्हतं, आता मनाला आवरा. ऐकणाऱ्यांच्या घरात गुडघाभर चिखल होता. दुकानातला माल सडला होता, गोठ्यातली जनावरं गेली होती. त्यांना आधी जेवण, जागा आणि नुकसानभरपाई हवी होती. ‘मनाला आवरा’ हा सल्ला माणसानं स्वतःला द्यावा. दुसऱ्याच्या तोंडावर मारला की ती निष्ठुरता होते. ज्याच्यामुळे त्रास झाला त्यानंच तो दिला, तर त्याला निर्लज्जपणा म्हणावं.

शिवाय ‘हातात नाही’ ही रेघ कायमची नसते. ती वेळेप्रमाणे आणि माणसांच्या संख्येप्रमाणे सरकते. पाणी चढत असताना अलमट्टीचे दरवाजे आत्याच्या हातात नव्हते, डबे होते. पाणी उतरल्यावर लोकांनी विचारायला सुरुवात केली. धरणांतून पाणी कधी सोडलं, आधी का नाही सोडलं, दोन राज्यांत ताळमेळ का नव्हता, नदीच्या पूररेषेत बांधकामं कुणी होऊ दिली? त्या महापुराची कारणं शोधायला सरकारनं नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जे एकट्या बाईच्या हाताबाहेर होतं, त्याचा जाब विचारणं हजारो माणसांच्या हातात होतं.

एपिक्टेटसनंही विचार मनात ठेवून गप्प बसणाऱ्यांचं कौतुक केलेलं नाही. त्यानं कौतुक केलं हेल्विडियस प्रिस्कसचं. व्हेस्पेशियन बादशहानं या सिनेटरला सभेत येऊ नकोस म्हणून बजावलं. त्याचं म्हणणं पडलं, की मला सिनेटमधून काढणं तुमच्या हातात आहे, पण मी सदस्य आहे तोवर येणं आणि योग्य वाटेल ते बोलणं माझं काम आहे. जिवाची धमकी मिळाल्यावरही तो मागे हटला नाही. पुढे त्याला हद्दपार करून ठार मारण्यात आलं. हाताबाहेरच्या गोष्टींवरून मन काढून घेतलं की माणूस ढिला पडतो, हा समज त्याच्या उदाहरणापुढे टिकत नाही. बादशहाचा कोप हाताबाहेरचा म्हणून त्यानं सोडून दिला आणि आपलं बोलणं मात्र सोडलं नाही.

या आठवड्यात एक करा. रात्री झोपण्याआधी वहीत दोन ओळी लिहा. पहिल्या ओळीत आज मनाला लागलेली एक घटना, कॅमेऱ्यानं टिपावी इतकी कोरडी : ‘साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, की अहवाल पुन्हा करा.’ दुसऱ्या ओळीत मनानं तिला जोडलेलं वाक्य : ‘मला कुणी किंमतच देत नाही.’ दुसऱ्या ओळीतला ‘च’ शोधा, त्याला गोल करा. मग खाली तिसरी ओळ लिहा, उद्या सकाळी मी कुठला डबा उचलणार. अहवालातली कुठली चूक दुरुस्त करणार, किंवा साहेबांना एकांतात भेटून काय सांगणार. एका वेळी एकच डबा. पहिले दोन-तीन दिवस दुसरी ओळ सापडत नाही, कारण ती मनात इतकी मुरलेली असते की ती घटनाच वाटते. चौथ्या दिवसापासून दिसू लागते.

पुढच्या लेखात राग. सेनेका या रोमन लेखकानं रागावर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे, तिथून सुरुवात करू.

आणि एक विनंती. झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणं नको वाटत असेल, तर वहीवर भागवू नका. ते दुखणं आहे आणि त्याला औषध आहे. डॉक्टरांना भेटा, किंवा केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ वर फोन करा. फोनला पैसे पडत नाहीत, सेवा दिवसरात्र चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येतं.