बटण आत्ता दाबलं, उडी नंतर!

आधी गेमचा ब्लूटूथ कंट्रोलर केबलने जोडून खेळून बघा. तरीही उशीर जाणवला तर तो बिचारा निर्दोष आहे. टीव्हीवर खेळत असाल तर ‘गेम मोड’ सुरू करा, गेममधलं व्ही-सिंक बंद करा. केबलने फरक पडला, तर गडबड हवेतली. ब्लूटूथ चालतं २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात. तिथेच वायरलेस माउस, मायक्रोवेव्ह आणि बऱ्याच घरांतलं वाय-फायही. कॉम्प्युटरचं वाय-फाय ५ गिगाहर्ट्‌झवर न्या.

मात्र एक संशयित सहसा कुणाच्या लक्षातच येत नाही: यूएसबी ३.०. निळ्या पोर्टात हार्ड डिस्क खुपसलेली आणि तिला खेटून ब्लूटूथचा इवलासा डोंगल! ही पोर्टं आणि केबली नेमक्या याच पट्ट्यात रेडिओ-गोंगाट करतात, हे इंटेलने २०१२ मध्येच सांगितलं होतं. उपाय हसू येईल इतका स्वस्त: यूएसबीची एक्स्टेन्शन केबल घ्या आणि डोंगल कॅबिनेटच्या मागून काढून टेबलावर, कंट्रोलरसमोर ठेवा. मधे पत्र्याचं कॅबिनेट किंवा माणसाचं अंग आलं तरी सिग्नल दुबळा होतो. ब्लूटूथ हेडफोन त्याच डोंगलवर असेल, तर तोही काढून बघा. ड्रायव्हर अपडेट करायचा सल्ला सगळेच देतात; ते सगळ्यात शेवटी.